बैठकीच्या खोलीत कोबी

बुधवारी सकाळी सात वाजता हा-सेखोबे नावाच्या गावाच्या वरच्या टेकाडावरून हाळी आली. मोरेनाचा माणूस तोंडाभोवती हात धरून ओरडत होता, "ऐका हो! कापणी झाली! सोमवारपासून शेतं मोकळी! सोमवारी गुरं सोडा!" चारी दिशांना तोंड करून त्याने हेच सांगितलं आणि नाक पुसत तो न्याहारीला खाली उतरला.

ही हाळी दर जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, येते. मका आणि ज्वारी घरात पडली, की गावाची प्रमुख, म्हणजे मोरेना, एक दिवस ठरवते. त्या दिवसापासून नांगरणीपर्यंत शेत कुणा एकाचं राहत नाही. धाटं, पाला, बांधावरचं गवत, जे काही उभं असेल ते गावातल्या सगळ्या गुरांचं. ज्याला शेत नाही त्याची गायही याच रीतीवर हिवाळा काढते, त्यामुळे तिच्याविरुद्ध कुणी बोलत नाही.

हाळी आली तेव्हा माकेनेवे घराखालच्या शेतात होती. दगडी वाफ्याच्या खाचेत उभी राहून ती भांडी धुतलेलं पाणी मधल्या टोपलीत ओतत होती. टोपलीत खरकटं, राख आणि शेण कुजत असतं. पाणी त्यातून झिरपत वाफ्याला पोचतं. असे तीन वाफे होते, विहिरीच्या कठड्यासारखे गोल, कमरेइतके उंच, मधल्या टोपलीपर्यंत जायला एका बाजूने अरुंद खाच. त्यांत कोबी, पालक, बीट, कांद्याची पात. बाकी सगळं शेत तपकिरी होतं.

तिने बादली खाली ठेवली आणि वर घराकडे बघून हाक मारली, "राकेनेवे! ऐकलंत का?"

राकेनेवे म्हणजे केनेवेचा बाप, जशी माकेनेवे म्हणजे केनेवेची आई. त्याचं नाव लेबोना. तो शिडीवर चढून घराच्या छपराचं गवत सुतळीने शिवत होता. "ऐकलं की," तो म्हणाला. "बरं झालं. धाटं नुसती वाळून चाललीत." सुतळी ओढता ओढता तो थांबला. त्याने शेताकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा टेकाडाकडे.

"भाजीचं काय?" त्याने विचारलं.

"तेच विचारतेय मी."

लेबोना चौदा वर्षं सरहद्दीपलीकडे सोन्याच्या खाणीत होता. गेल्या सप्टेंबरात खाणीने माणसं कमी केली, तेव्हा तो कायमचा घरी आला. आला त्या दिवशी धाकटा टुमो त्याला बघून चुलीमागे लपला होता, आणि बारा वर्षांच्या केनेवेने पाहुण्याला विचारतात तसं "पाणी घेणार का?" म्हणून विचारलं होतं. नाताळाच्या आसपासच्या त्या उन्हाळ्यात नवराबायकोने नदीकाठावरून दगड वाहून हे वाफे रचले. एप्रिलमध्ये जुन्या मुकादमाचा फोन आला. नव्या शाफ्टवर हिवाळाभर माणसं घ्यायची होती. एकदा गेलं की नऊ महिने परत येणं नाही. लेबोनाने तेव्हा बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, "या वाफ्यांवर आपला हिवाळा निघाला तर मी जात नाही. नाही निघाला तर जावं लागेल."

घरात धान्य होतं, तेही जेमतेम. त्याबरोबर रोज जे खायचं, आणि आठवड्यातून दोनदा फाटकाच्या काठीला हिरवं फडकं लावून जे विकायचं, ते सगळं या तीन वाफ्यांत होतं. सोमवारी गुरं शिरली की दुपारपर्यंत त्यातलं काही उरणार नव्हतं.

लेबोना आधी मोरेनाकडे गेला. ती अंगणात उन्हाला बसून सुपात घेवडा निवडत होती. डोक्यावरची टोपी काढून तो खाली बसला.

"बोल. कोबीचं ना?" ती म्हणाली.

"आपल्याला कसं कळलं, मोरेना?"

"माझा माणूस सांगत होता, त्याची हाळी ऐकून लेबोना शिडीवरून पडता पडता राहिला म्हणून."

"वाफ्यांभोवती काटेरी तार लावू द्या. या हिवाळ्यापुरतीच."

मोरेनाने सूप पाखडलं. "तुझ्या बायकोचा पालक मी खाते. चांगला असतो. पण आज तुला तार लावू दिली, की पुढच्या वर्षी दहाजण चार-चार रोपं लावून अख्खं शेत अडवतील. मग ज्यांना शेत नाही त्यांच्या गाईंनी काय दगड चाटायचे?"

"नाही, मोरेना."

"अंगणात लावायचं होतंस. अंगण तुझं. तिथे माझा बैल शिरला तरी मी दंड भरीन."

"अंगणात जागा नाही."

"काय सांगतोस! गावात सगळ्यांत मोठं अंगण तू मागून घेतलंस. मी स्वतः उभी राहून आखून दिलंय. काय आहे तिथे?"

"घर आहे."

मोरेनाने डोळ्यांवर हात धरून खालच्या उताराकडे पाहिलं. "घर मला दिसतंय. गोल आहे, गवताचं आहे, आणि तुझी शिडी अजून त्याला टेकलेली आहे. दुसरं कुठलं?"

मोरेनाने आणखी मूठभर घेवडा निवडला. मग म्हणाली, "शेतात कुणी दगडी वाफे रचून हिवाळ्यात भाजी काढेल, हे आपल्या वाडवडिलांच्या मनातही आलं नसेल. ऑगस्टच्या पित्सोत, गावसभेत, मी हा विषय घेते. गावाने बसून ठरवू दे पुढचं. पण सोमवार म्हणजे सोमवार."

तिथून तो न्ताते फाकोएकडे, म्हणजे फाकोएबाबांकडे, गेला. गावातली सगळ्यांत जास्त गुरं या म्हाताऱ्याची. तो गोठ्याच्या दगडी भिंतीवर बसून पाइप भरत होता.

"न्ताते, तुमची गुरं या हिवाळ्यात खालच्या अंगाला वळवाल का?"

"वळवतो की. सगळ्यांना रांगेत उभं करून सांगतो, बाबांनो, डावीकडचं खा, उजवीकडचं लेबोनाच्या बायकोचं आहे. काळ्या बैलाला तेवढं दोनदा सांगावं लागेल. तो कानाने जड आहे."

लेबोनाला हसू आलं नाही.

"अरे पोरा, माझी मी आवरली, तर बाकी गावाची कोण आवरणार? यंदा गवत बघितलंस ना? माझ्या गाईंच्या बरगड्या लांबून दिसतात. सोमवारची वाट मी मे महिन्यापासून बघतोय." फाकोएने काडी ओढली. "जुलैत तू गावात शेवटचा कधी होतास?"

लेबोनाला आठवावं लागलं. "लग्नाच्या आदल्या वर्षी."

"तरीच."

खाणीतली माणसं घरी येतात ती नाताळाला आणि ईस्टरला. तेव्हा डोंगर हिरवे असतात, शेतांत पीक उभं असतं, आणि दुसऱ्याच्या शेतात जनावर शिरलं तर भांडण होतं. लेबोनाला ठाऊक होता तो हा गाव. जुलैची हाळी त्याने लहानपणी ऐकली होती, पण दगड रचताना ती त्याच्या डोक्यात नव्हती. फाकोएच्या गोठ्यावरून उतरताना त्याच्या लक्षात आलं, की माकेनेवे मात्र दर जुलैत इथेच होती.

दुपारी सगळी गोल घराच्या उन्हाच्या बाजूला भिंतीला पाठ लावून जेवायला बसली. थंडीच्या दिवसांत या घरात जेवण असंच बाहेर होतं. आत फक्त झोपायचं. मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं पापा आणि परतलेला पालक. मुलं खाऊन उठल्यावर लेबोनाने विचारलं, "तू तर इथेच होतीस. दर वर्षी हाळी ऐकलीस. शेतात दगड रचताना बोलली का नाहीस?"

माकेनेवे भांड्याच्या बुडाची खरवड काढत होती. "सुचलं नाही."

"असं कसं सुचलं नाही?"

"नाही सुचलं." तिने खरवड त्याच्या ताटात टाकली. "मी हिवाळ्याचा विचारच केला नव्हता. मला वाटलं, हिवाळ्याच्या आत तुम्ही जाल. दर वेळी जाता. तुम्ही गेल्यावर तीन वाफ्यांना पाणी मी एकटीने कुठून घालणार होते? ईस्टरपर्यंत भाजी खाऊ, मग संपलं, असं धरून चालले होते मी."

"मग दगड कशाला वाहिलेस माझ्याबरोबर?"

"तुम्ही इतके खुशीत होतात. मोडता कशाला घालू?"

"आणि एप्रिलमध्ये? मी राहतो म्हणालो तेव्हा?"

"तेव्हा कोबी लावून झाला होता. आणि तुमचं बोलणं खरं धरावं की नाही, यातच माझे मे-जून गेले."

लेबोना ताटातली खरवड टोकरत बसला.

तेवढ्यात फाटकातून त्याची थोरली बहीण न्थोफेला आली. ती शेजारच्या वाडीत ज्वारीची बिअर गाळून विकते आणि गावातली कुठलीही गोष्ट तिला दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

"काय गं, दोघंही मयताला बसल्यासारखी बसलात?"

"बसा, आत्या. पापा वाढू?" माकेनेवे तिला मुलांच्या नात्याने आत्या म्हणते.

"वाढ. पालक जास्त घाल. सोमवारनंतर तो गाईच्या पोटातून मागून आणावा लागेल." ती उभ्यानेच खाऊ लागली. "तरी मी सांगत होते."

"काय सांगत होतीस, ताई?" लेबोना म्हणाला.

"काही ना काही सांगतच असते मी. ऐकतं का कुणी?" तिने चमच्याने अंगणाच्या पलीकडच्या भागाकडे खूण केली. "ते बघ. तुझ्या राजवाड्यात काय तण माजलंय. एवढ्या जागेत अख्ख्या गावाचा कोबी मावेल."

"ते घर आहे."

"घर? दार कुठंय त्याला? परवा माझी शेळी तुझ्या बैठकीतून शिरली आणि न्हाणीतून बाहेर पडली. तिला तर कुठे दार आडवं आलं नाही."

कोपऱ्यात टुमोची नाडी बांधत असलेली केनेवे फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

ती जागा म्हणजे एका मोठ्या घराचा पाया होता. खाणीतल्या पहिल्या वर्षी लेबोनाने सोबत्याच्या गावी तसं घर पाहिलं आणि इथे आखलं. बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी, दोन झोपायच्या खोल्या आणि पाहुण्यांची एक. सिमेंटच्या विटांचे दोन थर झाले आणि काम थांबलं. त्यानंतर दर नाताळात तो काठी घेऊन बायकोमुलांना त्या खोल्यांतून फिरवायचा. इथे खिडकी, इथे कपाट, इथे केनेवेचा पलंग. नाताळाच्या आधी माकेनेवे त्या छप्पर नसलेल्या खोल्या झाडून ठेवायची. त्या पायाबद्दल ती कधी चांगलं बोलली नव्हती आणि वाईटही बोलली नव्हती. वाफे कुठे रचायचे हे ठरवताना अंगणाचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नव्हतं.

लेबोना उठला. विटांचे थर ओलांडून तो पायाच्या आत गेला आणि पुढच्या खोलीत उभा राहिला. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. न्थोफेला काही बोलणार होती, माकेनेवेने तिच्या दंडाला हात लावला.

बऱ्याच वेळाने त्याने तिकडूनच विचारलं, "माकेनेवे, कोबीला ऊन किती लागतं?"

"दुपारपर्यंतचं पुरे."

"मग तो बैठकीत. बैठकीचं तोंड पूर्वेला आहे."

"आणि पाहुणे आले तर बसवशील कुठे?" न्थोफेलाने विचारलं.

"उभेच ठेवीन. तू तरी कधी बसतेस?"

माकेनेवे विटांपाशी आली. "नक्की का?" तिने हळू विचारलं.

"नक्की काही नाही," लेबोना म्हणाला. "पण सोमवार नक्की आहे."

गुरुवारी त्याने कुदळ घेतली. पायातली जमीन वर्षानुवर्षं तुडवून दगडासारखी झाली होती. कुदळ चालवणं त्याला नवीन नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत एक न्हाणी खोदून झाली आणि माकेनेवेने तिच्या तळाला फुटके डबे, राख आणि वाळकं गवत अंथरलं. पाच खोल्या बाकी होत्या. दोघांच्या हाताने हे रविवारच्या आत होणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

अशा वेळी गावात लेत्सेमा बोलावतात. ज्याचं काम असेल त्याने सांगायचं, लोक आपापली हत्यारं घेऊन येतात, मजुरी कुणी मागत नाही. पण आलेल्यांना पोटभर जेवण आणि बिअर द्यावी लागते, आणि बिअर तयार व्हायला आठवडा जातो. गुरुवारी लेत्सेमा सांगून शनिवारी बिअर देणं कुणालाच जमणारं नव्हतं. गावात त्या आठवड्यात पिकायला आलेला एकच रांजण होता, आणि तो न्थोफेलाचा होता, विकण्यासाठी घातलेला.

"माझी बिअर तुझ्या कोबीला?" ती म्हणाली. "एवढंच बघायचं राहिलं होतं माझं."

लेबोना तसाच परत आला. शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या दोघातिघांनी पाहिलं, की न्थोफेलाच्या दारावरचं पांढरं फडकं उतरलेलं आहे. बिअर तयार असली की ते वर असतं. रांजण पिकलेला असताना तिने फडकं उतरवल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. प्यायला आलेल्यांना ती दारातूनच सांगत होती, "बिअर उद्या, लेबोनाच्या बैठकीत. येताना फावडं आणा. नुसतं तोंड घेऊन येईल त्याला तोंड धुवायला पाणी देईन."

शनिवारी ऊन अंगणात आलं तेव्हा पंचवीसेक माणसं जमली होती. बायकांनी वाफ्यांचा ताबा घेतला. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घातलं होतं, त्यामुळे फावडं भोवतीने फिरवलं की कोबीचा गड्डा मातीच्या गोळ्यासकट उचलला जात होता. तो घमेल्यात, घमेलं डोक्यावर, आणि रांग चढण चढून घराकडे. पुरुष पायाच्या आत खोदत होते. कुणी बैठक मागून घेतली, कुणी स्वयंपाकघर. न्हाणी आधीच झालेली, म्हणून तिच्यात बीट गेलं.

"बीट न्हाणीत कशाला?" एकीने विचारलं.

"अंगाला लाली येते," न्थोफेला म्हणाली.

अडचण मातीची होती. वाफ्यांतली काळी माती सुट्या दगडांच्या उतारावरून घमेल्यांनी वाहत बसलं तर दोन दिवस लागले असते. दहाच्या सुमाराला फाकोए आला. त्याच्यामागे चार बैल आणि लाकडी घसरगाडी, जिला चाकं नसतात आणि जी या डोंगरात कुठेही जाते. गाडी आधीच शेणाने भरलेली होती.

लेबोना बघतच राहिला. "न्ताते, तुम्ही?"

"सोमवारी माझी गुरं तुझ्या शेतात चरणार, ते चरणारच," फाकोए म्हणाला. "पण आज शनिवार आहे, आज ती रिकामी आहेत. आणि हे शेण कुठून आलं ते माझ्या बायकोला सांगू नका. तिचं हिवाळ्याचं जळण आहे."

गाडी पायापाशी आली आणि थांबली. विटांचे दोन थर आडवे होते. मोठं घर झालं असतं तर तिथे पुढचं दार आलं असतं. लेबोनाने तो उंबरा स्वतःच्या हाताने, पाणसळ लावून बांधला होता. बैल विटांना नाक लावून उभे राहिले.

"बाहेर ओतून घमेल्यांनी आत नेऊ," कुणीतरी म्हणालं.

"संध्याकाळ होईल," फाकोए म्हणाला. "पोरा, घण आण. माझे बैल म्हातारे आहेत, उडी मारायचे नाहीत."

लेबोनाने माकेनेवेकडे पाहिलं. ती डोक्यावर घमेलं घेऊन उभी होती. तिने घमेलं खाली ठेवलं नाही. तो मागे गेला, घण घेऊन आला आणि उंबऱ्यावर घातला. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला. दुसऱ्याला वीट हलली. "सिमेंट चांगलं घातलंय रे," फाकोए म्हणाला, आणि थट्टा करत नव्हता. वरचा थर गेला, खालचा गेला. बैल आत शिरले. गाडी बैठकीतून गेली आणि शेणाचा पट्टा मागे ठेवत थेट पाहुण्यांच्या खोलीपर्यंत पोचली, आणि मग दिवसभर शेतातली काळी माती वर आणत राहिली.

दुपारी सगळ्यांनी विटांच्या कडेवर बसून खाल्लं. जेवणात पालक होता. तोडायला आला होता तेवढाच तोडला, असं माकेनेवे सांगत होती, पण तिने जरा जास्तच तोडला होता. टुमो बापाच्या मांडीवर बसून त्याच्या ताटातलं खात होता. उन्हं उतरायच्या आत शेतातले तिन्ही वाफे रिकामे झाले आणि पायातल्या खोल्या भरल्या. दगड तिथेच ठेवले.

रात्री पाणी गोठतं हे सगळ्यांना माहीत होतं. नुकत्याच हलवलेल्या रोपांवर पोती घातली, जुन्या घोंगड्या घातल्या. बैठकीचा एक कोपरा उघडा राहत होता. लेबोनाने आतून आपलं चांगलं ब्लँकेट आणलं, लग्नातलं, चर्चला जाताना अंगावर घ्यायचं.

"उद्या चर्चला काय पांघराल?" माकेनेवेने विचारलं.

"कोट."

"लोक विचारतील."

"सांग, कोबीला सर्दी झालीय."

रविवारी तो कोट घालून चर्चला गेला आणि लोकांनी विचारलं.

सोमवारी सूर्य वर आला तसे कळप खाली उतरले. फाकोएचे, त्यामागे बाकी गावाचे, शेवटी ज्यांच्या एक-दोन गाई आहेत त्यांच्या. धाटं मोडल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. फाकोएचा काळा बैल एका रिकाम्या वाफ्याच्या खाचेत शिरला, त्याने मधली टोपली हुंगली आणि मग वळता न आल्याने तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. दुपारपर्यंत शेतात धसकटंसुद्धा उरली नाहीत.

संध्याकाळी गुरं परत नेताना फाकोए अंगणापाशी थांबला. काठीवर हनुवटी टेकून त्याने बैठकीत पाहिलं. "मान टाकलीय कोबीने."

"दोन-चार दिवस टाकणार," लेबोना म्हणाला.

"आणि मग?"

"मग बघू."

गुरुवारी सकाळपर्यंतची स्थिती अशी आहे. पालक सगळा उभा राहिला आहे. न्हाणीतल्या बिटांची बाहेरची पानं पिवळी पडली, पण मधून नवी येत आहेत. पाहुण्यांच्या खोलीतली कांद्याची पात अर्धी गेली. ती खोली सावलीत येते हे आखताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बैठकीतला कोबी पहाटे ताठ असतो आणि दुपारी पुन्हा कलतो. माकेनेवेच्या मते तो लागला आहे. न्थोफेलाच्या मते आणखी एक कडक रात्र झाली की कळेल. फाटकावर हिरवं फडकं अजून लागलेलं नाही. पित्सो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. शेतातले दगडी वाफे अंगणासारखे धरायचे की नाही, यावर गावात आत्ताच दोन तट आहेत, आणि फाकोए कुठल्या बाजूचा आहे ते तो सांगत नाही.

खाणीवर माणसं नेणारी मुकादमाची गाडी रविवारी सरहद्दीवरच्या तेले पुलाच्या नाक्यावरून निघणार आहे. गुरुवारी दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला. लेबोना स्वयंपाकघरात, म्हणजे पायातल्या, गुडघ्यावर बसून पालकाच्या बुडाशी राख घालत होता. केनेवे वाजणारा फोन घेऊन विटांपाशी आली.

"बाबा, मुकादम. काय सांगू?"

माकेनेवे पलीकडे पाणी ओतत होती. तिने बादली तिरकी धरली होती, तशीच धरून ठेवली.

"हात मातीचे आहेत म्हण," लेबोना म्हणाला. "मी करतो नंतर."

संध्याकाळी गुरं परत वर गेली तोपर्यंत त्याने फोन केलेला नव्हता.